बाबांच्या मोटारसायकलचा पिस्टन

मंडळी, आज बाबांची जुनी मोटारसायकल सावंतवाडीच्या गॅरेजात उघडली.

साठच्या दशकात आंबोलीचा घाट झोकात चढावा म्हणून बाबांनी बांद्यातल्या आपल्या मेस्त्रीमित्राकडून सिलिंडर मोठा करून नवा पिस्टन बसवून घेतला. तरी गाडी घाटात धापा टाकायचीच.

“जुनोच पिस्टन घातल्यान!” बाबांना संशय आला.

“नवोच आसा रे, उघडून बघ,” मेस्त्री विनवत राहिले.

बाबांनी गाडी पडवीत लावली आणि दोस्ती कायमची तोडली. आम्हीही त्या घराकडे संशयानेच बघत वाढलो.

आज पिस्टन हातात घेतला. नवाच होता, मोठ्या मापाचा शिक्काही स्पष्ट दिसला. जुन्या कार्ब्युरेटरमुळे मोठ्या इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं, एवढंच.

दोघंही आता नाहीत. मेस्त्रींची मुलगी बांद्यातच असते. तिला कोणत्या तोंडाने फोन करू?