आत उभं राहून उजेड बघा!

खरं तर हे मी सांगायचं नाहीये. पप्पांनी बजावलंय, "सायली, यार्डातलं यार्डात!" पण विल्होळीच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या आमच्या यार्डात बंदरावरून आलेले जुने लोखंडी कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले असतात, आणि किस्सेही तसेच साचतात. फरक इतकाच, की कंटेनर विकले जातात, किस्से पडून राहतात. म्हणून थोडे बाहेर काढते.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. कंटेनर घेताना बाहेरचा रंग बघायचा नसतो. आत जाऊन दार लावून घ्यायचं आणि काळोखात उभं राहायचं. पत्र्याला भोक असेल तर तिथून उजेड टोचतो. याला आम्ही 'उजेड बघणं' म्हणतो. दार आतून उघडत नाही, त्यामुळे आमचे जुने रंगारी शंकरमामा बाहेर दांड्याला हात लावून उभे असतात. मी नववीत आहे. लोकांशी बोलायची वेळ आली की मी शंकरमामांच्या मागे लपते, पण माझी नजर बरी आहे. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड मीच बघते.

* * *

एकदा एक रिटायर्ड सर आले होते. पुस्तकं ठेवायला कंटेनर हवा होता. आत गेले, दार लागलं, आणि लगेच आतून ओरडले, "अहो, हा तर चाळण आहे! सगळीकडून उजेड येतोय!"

शंकरमामा घाबरले. कालच तर मी तो बघितला होता. दार उघडलं. सरांच्या शर्टाच्या खिशात मोबाइलचा टॉर्च चालू होता!

सर खिशाकडे बघत म्हणाले, "हरकत नाही. पत्रा चांगला चमकतो."

* * *

दिंडोरीचे एक काका द्राक्षं ठेवायला कंटेनर बघायला आले. भर एप्रिल, दुपारी बारा वाजता. पप्पांनी समजावलं, "काका, हा साधा डबा आहे. माल थंड ठेवायचा तर मशीनवाला वेगळा येतो."

"लोखंड गार असतंय हो शेठ. आमचा माठ बी लोखंडाच्या तिवईवर असतो!"

पप्पांनी वाद घातला नाही. म्हणाले, "पाच मिनिटं आत उभे राहा." दोन मिनिटांतच आतून दार वाजायला लागलं. काका बाहेर आले ते टोपीनं तोंड पुसतच.

"शेठ, यात द्राक्षं नको. बेदाणे करायचे झाले की येतो!"

* * *

मखमलाबादचे फुलवाले आण्णा मात्र सगळं नीट मोजून आले होते. जागा मोजली, गेट मोजलं, वरची विजेची तार मोजली. वीस फुटी कंटेनर निवडला, उजेड बघितला, दाराचं रबरही दाबून बघितलं. पप्पा खूश. "असं गिऱ्हाईक पाहिजे!"

क्रेनवाल्याला आण्णांनी बजावलं, "भिंतीला अगदी चिकटवून ठेव. रस्ता अडायला नको." क्रेनवाल्यानं तसाच ठेवला आणि निघून गेला. संध्याकाळी आण्णांचा फोन आला.

"शेठ, कंटेनर एक नंबर बसलाय. पण दार तुमच्याकडंच राहिलं वाटतं!"

दार भिंतीकडे होतं. तेव्हापासून पप्पा गिऱ्हाइकाला पाणी विचारायच्या आधी विचारतात, "दार कुठल्या दिशेला?"

* * *

आता शेवटचा. हाच सांगायचा नाही म्हणून पप्पांनी दोनदा बजावलंय.

सुरगाण्याहून जीप करून बचतगटाच्या पाच बायका आल्या होत्या. त्यांच्या पुढारी सोनीमावशी. गटाचं भाताचं आणि नागलीचं बियाणं ठेवायला कंटेनर हवा होता. गेल्या वर्षी कुडाच्या खोलीत पाणी शिरलं आणि सगळं बियाणं कुजलं. "औंदा भिजलं तर पेरायला काय नाय," मावशी म्हणाल्या.

पप्पांनी सात नंबर दाखवला. नवाकोरा हिरवा रंग. बायकांना बघताक्षणी आवडला. शेजारी तीन नंबर होता, पोचे पडलेला, तपकिरी. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

पण चार दिवसांपूर्वी, रंग द्यायच्या आधी, सात नंबरच्या छताला कोपऱ्यात सुईएवढा उजेड मी बघितला होता. पप्पांना सांगितलं, तर ते फोनवर बोलता बोलताच म्हणाले होते, "रंगानं बुजेल गं."

बुजलं होतंच. उजेड बुजला होता, भोक नाही.

पप्पा बायकांना घेऊन आत गेले. शंकरमामांनी दार लावलं. आतून आवाज आला, "आहे का कुठं उजेड? नाही ना? पावसाळाभर एक थेंब येणार नाही. माझी गॅरंटी!"

मला ओरडून सांगायचं होतं. पण परक्या माणसांसमोर ते मला जमत नाही. मग मी ट्रक धुवायचा पाइप उचलला, तोंडावर अंगठा दाबला आणि त्या कोपऱ्यावर धार धरली. शंकरमामा माझ्याकडे बघत राहिले, पण थांबवलं नाही.

आत पप्पा सांगत होते, "अहो, कितीही धो धो पडू दे, या पत्र्याला..."

मग बायकांचं हसू, इतकं की पत्रा घुमला.

दार उघडलं. पप्पांचं टक्कल ओलं होतं.

सोनीमावशी म्हणाल्या, "बरं झालं शेठ, तुमच्याच डोक्यावर पडलं. बियाण्यावर पडलं असतं तर?" मग माझ्या हातातल्या पाइपाकडे बघितलं. "पोरी, आता त्या मळकटावर मार."

तीन नंबरवर मी दहा मिनिटं पाणी मारलं. मावशी आत जमिनीवर हात फिरवत बसल्या होत्या. बाहेर आल्या, कोरडा तळहात पप्पांना दाखवला आणि म्हणाल्या, "हाच. दार उगवतीला."

घरी जाताना स्कूटर सिग्नलला थांबल्यावर पप्पा मान न वळवता म्हणाले, "सायली, उद्यापासून तू..."

"सायलीऽऽ! गिऱ्हाईक आत गेलंय, पाइप आण!"

आले पप्पा! तर ते म्हणाले, की उद्यापासून तू...