'वणवा'ची एकुलती कॅसेट

"भाऊजी, तुमचा रम्या गेला..." कामठ्याहून वहिनींचा, रम्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. महिना झाला, पण एका जागी बसवत नाही. उठतो, शटरपर्यंत जातो, परत येतो.

ऐंशीच्या दशकात गोंदियात आमचा 'वणवा' नावाचा रॉक बँड होता, हे आज सांगितलं तर लोक हसतील. रम्या गिटार वाजवायचा, गायचा. मी ड्रम बडवायचो. गिटार कडाडायची, पण चाल अशी गोड की घरी जाताना ओठांवर यावी. ऐकणारेच नव्हते! नागऱ्याच्या जत्रेत एकानं विचारलं, "बारात में आते क्या?" रम्या भडकला, "तुयाच घरची काढ ना बे वरात!"

तीन गाणी कशीबशी एका कॅसेटवर उतरली. कुणी पुसू नये म्हणून रम्यानं तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा तोडला आणि मला दिली. "तुयापाशी राहू दे. माया घरी उंदरं हायेत."

पुढे माझ्या बहिणीचं लग्न. मंगलाष्टका टेप करायच्या, कोरी कॅसेट नाही, आणि अक्षता तर वाटून झालेल्या! दुसरी बाजू कोरी आहे म्हणून मी तीच कॅसेट घातली; रेकॉर्डचं बटण दबेना, तेव्हा तुटक्या तुकड्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि दाबलं. घाईत बाजू चुकली. कळलं तेव्हा आमच्या गाण्यांवर मंगलाष्टका चढल्या होत्या. कॅसेट पेटीच्या तळाशी टाकली आणि रम्याला सांगितलं, सापडत नाही.

बँड मोडला, तो शेतीत गेला. पण बाजाराला आला की विचारायचा, "काऊन बे, भेटली का?" मी म्हणायचो, "शोधून राहिलो ना." दवाखान्यातही त्यानं तेच विचारलं. "पोराले ऐकवाची होती..." मीही तेच म्हणालो. लाज वाटते लिहिताना.

तेरवीनंतर धीर करून कॅसेट लावली. मंगलाष्टका संपल्या, 'सावधान' झालं, खट्ट वाजलं... आणि गिटार! रम्याचा कोवळा आवाज! तिसरं गाणं अख्खं शिल्लक होतं. अरे, एकदा शेवटपर्यंत ऐकली असती तर त्याच्या हातात दिली असती ना मी!

टेपरेकॉर्डर घेऊन कामठ्याला गेलो. पोरानं ते गाणं चारदा ऐकलं. मग डोळे पुसत म्हणाला, "काका, बाबा होते तवा कायले नाही आणली?"

"शोधून राहिलो होतो ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

कॅसेट तिथंच ठेवून आलो. भोकावरची माझी चिकटपट्टी अजून तशीच आहे.