शेगडीवरचा पहारेकरी

मिस्त्रीचं दुकान जेमतेम टेबलाएवढं. वॉशिंग मशीन असो, लिफ्ट असो की दवाखान्यातला सलाइनचा पंप, बिघडलं की पोटातलं हिरवं सर्किटचं कार्ड इथे येतं. "यात कॉम्प्युटर आहे," म्हटलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मग पडदा कुठाय?" झालं, मिस्त्रीची गाडी सुटते. पडदा नको, कळफलक नको. एकच काम शिकवायचं, ते हा जन्मभर इमानेइतबारे करतो. पाणी भरलं की नळ बंद, दार लागलं की लिफ्ट चालू. नातेवाइकांपेक्षा बरा.

मिस्त्रीच्या आईने दोनदा भांडं करपवलं, तेव्हा थोरल्या भावाने फर्मान काढलं: एकटं राहणं पुरे, घर विकून माझ्याकडे यायचं. आई म्हणाली, "मी इथून हलणार नाही." मिस्त्रीने महिन्याची मुदत मागितली आणि तिच्या शेगडीवर स्वतः बनवलेली डबी बसवली. समोर दहा मिनिटं कुणी हललं नाही, की आतली चिप गॅस बंद करणार आणि तशी नोंद ठेवणार.

आठवड्यात अकरा नोंदी! थोरला म्हणाला, "बघ, अकरा वेळा विसरली." मिस्त्रीचा चेहराच उतरला. त्याचंच यंत्र आईच्या मुळावर आलं होतं.

रविवारी तो सकाळीच जाऊन स्वयंपाकघरात बसला. आईने भांडं चढवलं, स्टूल ओढलं, दुखरा गुडघा लांब केला आणि भांड्यावर नजर लावून बसली. हूं नाही की चूं नाही. दहा मिनिटांनी खट्ट, गॅस बंद.

"असं छळतं मेलं," आई म्हणाली. "भांडी करपल्यापासून मी इथून उठतसुद्धा नाही. घर जाईल या धास्तीने."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "आई, त्याला फक्त हललेलं कळतं. स्वस्थ बसलीस की त्याच्या लेखी तू नाहीसच. चूक माझी."

"त्या डबीचं काय घेऊन बसलास? तुम्ही दोघंही तसेच. काही करपलं की मगच मी दिसते."

मिस्त्रीला फार लागलं ते. त्याने तिथूनच थोरल्याला फोन करून सगळं सांगितलं. थोरला म्हणाला, "राहू दे तिला तिथेच."

मिस्त्रीने स्टुलाखाली एक बटण बसवलं. आता चिपला बसलेली आईही कळते.

पुढच्या रविवारी तो पुन्हा दारात.

"आता काय बिघडलं?" आईने विचारलं.

"काही नाही," म्हणत त्याने दुसरं स्टूल ओढलं.