साखर उतरते तेव्हा

“हायपोग्लायसेमिया,” डॉक्टर म्हणाले. रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाणं, असा त्याचा अर्थही त्यांनी सांगितला. माझ्या यजमानांनी “बापरे” म्हटलं. मला काहीच वाटलं नाही. समोरच्या भिंतीवर एक पाल होती, मी तिच्याकडे बघत होते.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरात एखादी बाई अशी गप्प होऊन बसली असेल त्यांच्यासाठी. ती वाचू शकत असेल, तर तिच्यासाठीही.

मध्यभारत राज्य झालं तेव्हापासून यजमानांचं ऑफिस हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला भरायचं. दिवाळी झाली की फायलींच्या पेट्या आणि बाबूलोक गाडीत बसून निघून जात. इंदूरला राजवाड्यामागच्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि सात वर्षांची शशी राहायचो. पहिले दोन हिवाळे निभावले. तिसऱ्यात काहीतरी बिघडलं.

शशीपुरता वरणभात करायची. स्वतःसाठी पोळी लाटायचा कंटाळा येई. मग चहा. रेशनचं कंट्रोल सैल झालं होतं, पांढरी साखर पुन्हा मिळू लागली होती. कपात तीन चमचे, मग चार. सकाळी खालच्या दुकानातून जलेबी, दुपारी बत्तासे. खाल्लं की तासभर बरं वाटायचं. हात चालायचे, कपडे धुतले जायचे. मग कोणी दिवा बारीक करावा तसं व्हायचं. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. काहीच नव्हतं.

पौषात एका दुपारी शशी जिन्यावरून पडली. कपाळ फुटलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, रक्त भुवईवरून खाली येत होतं, आणि मी बघत बसले. उठायला हवं हे कळत होतं. उठले नाही. शशी रडतसुद्धा नव्हती.

शेजारच्या काकी धावत आल्या. “अरे बाई, छोरी का खून बह रहा है और तुम बैठी हो?” त्यांनीच हळद दाबली, पट्टी बांधली.

माझे मोठे दीर पूर्वी होळकरांच्या फौजेत होते, छावणीकडे राहायचे. काकींनी त्यांना निरोप धाडला. त्यांनी तार करून यजमानांना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, “हिला पागलखान्यात दाखल कर. पोरगी आमच्याकडे राहील. कधी काय होईल, भरोसा नाही.”

माझी मुलगी नेणार होते. माझ्या मनात आलं ते एवढंच, की तिचे फ्रॉक वाळत घातलेत ते काढायला हवेत.

यजमान म्हणाले, “दादा, आधी डॉक्टरला दाखवतो. मग बघू.”

तुकोगंजातल्या दवाखान्यात बाकावर दोन तास बसलो. शशीला कुठे ठेवणार, म्हणून तीही होती. डॉक्टरांनी डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि विचारलं, “दिवसभरात काय काय खाता?”

मला आठवेना. खरंच आठवेना.

“मी सांगू?” शशी म्हणाली. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. “सकाळी चहा आणि जलेबी. मग चहा. मग नुसती साखर, डब्यातली. मग बत्तासे. मग आई भिंतीकडे बघते. मग मी हाक मारली तरी येत नाही. मग पुन्हा चहा.”

यजमानांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं, एखाद्या मोठ्या माणसाने सांगितल्यासारखं.

दोन दिवसांनी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट झाली. उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि मग दर अर्ध्या तासाने रक्त द्यायचं, साखर कशी चढते आणि कशी उतरते ते बघायला. पाच तास. कंपाउंडर दर वेळी म्हणायचा, “बस बाई, थोडा और.” चौथ्या तासाला घाम फुटला, बोटं थरथरली आणि मग ती ओळखीची पोकळी आली. घरी रोज दुपारी व्हायचं तेच. फक्त इथे कोणीतरी घड्याळ लावून बघत होतं.

निदान सांगताना डॉक्टर म्हणाले, “सगळा दोष साखरेचा नाही, बाई. तुमचं मन आधीच थकलंय. डिप्रेशन, म्हणजे मन खचणं. एकटेपणाने जेवण सुटलं, त्या जागी साखर आली, आणि तिने तुम्हाला रोज थोडं वर नेऊन जास्त खाली आपटलं. साखर सोडून सगळं बरं होईल असं वचन मी देत नाही. पण तोल तरी येईल. पागलखान्याची गरज मला दिसत नाही.”

साखर बंद. दर तीन तासांनी थोडं खायचं: उसळ, दही, भाकरी, मूठभर शेंगदाणे. एकटीने जेवायचं नाही. यजमानांना परत जावं लागलं, म्हणून काकी रोज आपलं ताट घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या.

पहिले आठ दिवस डोकं फुटेल असं दुखलं. संक्रांतीला हळदीकुंकवाहून आणलेला हलवा मी कोपऱ्यात उभी राहून सगळा खाल्ला, आणि पुढचे दोन दिवस पुन्हा तसेच गेले. डॉक्टर रागावले नाहीत. “आता तुम्हालाच पुरावा मिळाला,” एवढंच म्हणाले.

सुधारणा झाली ती मला कळली नाही. दुपार भिंतीकडे न बघता जाऊ लागली. आमटीत मीठ कमी असल्याचं कळू लागलं. काही दिवस अजूनही कोरे जातात, डॉक्टरांकडे अजूनही जाते. तेही सांगायला हवं.

चैत्रात ऑफिस इंदूरला परतलं. एका सकाळी शशीची वेणी घालत होते. हिवाळाभर ही मुलगी माझ्यापुढे पाय न वाजवता वावरली होती, काही मागत नव्हती, हट्ट करत नव्हती. त्या दिवशी तिने केस हिसकावले, फणी फेकली आणि ओरडली, “दुखतंय ना! तू घाणेरडी आहेस! मला तुझ्याकडून वेणी घालून घ्यायचीच नाही!”

यजमान तिला रागवायला उठले. मी त्यांना हाताने थांबवलं.

कित्येक महिन्यांनी मला राग आला होता. छातीत, कानशिलात, गरम. “उचल ती फणी,” मी ओरडले. “नाही उचलणार,” ती ओरडली. चांगली दहा मिनिटं आम्ही दोघी भांडलो.