चारशे पुंगळ्या

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या कुमुदिनी साने यांना नेमबाजीचं वेड एनसीसीत लागलं आणि नोकरी, संसार, परदेश एवढं सगळं होऊनही ते सुटलं नाही. पिस्तुलाची काडतुसंसुद्धा त्या घरीच भरत. झाडलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, बुडाच्या खळग्यात नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, हातयंत्राने दाबून बसवायचा, मग दारू आणि गोळी. वीस वर्षांत त्यांचं एकही काडतूस फसलं नव्हतं. क्लबात हे त्यांना सांगावं लागत नसे, इतरच सांगत.

मार्चपासून मात्र प्रायमर अर्ध्यावर अडू लागले. कुमुदिनीबाईंनी दोष पुंगळ्यांना दिला. लष्करी पुंगळ्यांच्या खळग्याचा काठ आत ठोकलेला असतो, तो खरवडावा लागतो. या पुंगळ्यांना तसा काठ दिसत नव्हता, तरी त्यांनी चारशे पुंगळ्या खरवडल्या. अडणं थांबेना, तेव्हा पुन्हा खरवडल्या.

"अगं, पितळेचं पीठ पाडतेस का?" त्यांचे यजमान मधू म्हणाले.

"तुम्ही तुमची कणीक मळा."

जानेवारीपासून कणीक तेच मळत होते. बाईंचा अंगठा दुखे. सांधा झिजलाय, त्यावर इलाज नाही, असं हाउसआर्ट्सने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, सांगितलं होतं. ते बाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं.

रविवारी क्लबातली चारुता आली. तिच्याकडेही पिस्तुलाचा परवाना होता आणि काडतुसं भरायला ती बाईंकडूनच शिकली होती.

"द्या बघू, काकू." तिने हातयंत्राचा दस्ता अंगठ्याने दाबला. प्रायमर अलगद बसला. तिने पुंगळी टेबलावर हलकेच आपटली, तर तो बाहेर पडला.

"खळगा सैल झालाय. न खरवडलेली आहे एखादी?"

होती. तिच्यात प्रायमर बसला आणि घट्ट राहिला.

बाईंनी तशीच दुसरी पुंगळी घेतली. दोन्ही हातांनी दाबलं. प्रायमर अर्ध्यावर अडला.



"टेबलाला जोडायचं यंत्र घेऊ," चारुता म्हणाली. "लांब दांड्याचं. त्याला अंगठा लागत नाही."

"आणि पिस्तूल धरायला?"

खरवडलेल्या पुंगळ्या चारुता भंगाराच्या डब्यात ओतू लागली. कुमुदिनीबाईंनी तिला थांबवलं नाही.