कमानपाट्याची सुरी

माण गावातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर आयटीतली मुलं भाड्यानं राहतात. त्यांतला अमरावतीचा एक जण मागच्या रविवारी खाली आला आणि त्यानं माझ्या हातात एक दुमडता चाकू ठेवला. ही मंडळी सुट्टीला धरणाच्या बाजूला तंबू ठोकायला जातात, तिथं न्यायला म्हणून त्यानं तो परदेशातून मागवला होता. पात्यावर पोलादाचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं होतं. "ताई, तुम्ही हीट ट्रीटमेंटमध्ये आहात ना? हे स्टील एकदम टॉपचं आहे म्हणतात. खरंय का?"

मी चाकू उघडला, मिटला. देखणा होता. मी विचारलं, "कापणार काय आहेस? कोण कापणार? आणि वरून ठोकणार आहेस का?"

तो हसायला लागला. "मी स्टीलबद्दल विचारलं, तर तुम्ही माझाच इंटरव्ह्यू घ्यायला लागलात."

हे प्रश्न माझे नाहीत. ते आमच्या गावच्या लोहाराचे. त्याचं पाल, म्हणजे कापडी झोपडं, जिथं होतं तिथून आता मोठा रस्ता गेला आहे आणि पिरंगुटला कामावर जाताना मी रोज त्यावरून जाते. लहानपणी आबांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, मी त्या पालात जायची. लोहारीण घण मारायची, लोहार सांडशीत लोखंड धरून ते फिरवत राहायचा. कोळशाचा तो वास मला अजून कुठं आला की पाय आपोआप थांबतात. कुणी कोयता करून मागितला की लोहार आधी हे तीन प्रश्न विचारायचा. "काय तोडायचं? कोन तोडनार? वरनं ठोकायचं का?" उत्तरं मिळाल्याशिवाय तो भट्टी पेटवायचा नाही. एकदा पौडचा कुणी बडा माणूस "तुला काय करायचंय, तू चांगला बनव" म्हणाला, तर त्यानं त्याला सरळ घरी पाठवलं. "चांगला कशाला, ते तरी सांगा."

ठोकायचं असेल तर तो ट्रकचा जुना कमानपाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, घ्यायचा. हातोडीनं वाजवून कान लावायचा. भेगाळलेला वाटला तर फेकून द्यायचा. पातं तापवून तेलात विझवलं की पुन्हा निखाऱ्यावर हळूहळू शेकायचा, आणि त्यावर चढणारा पिवळा रंग जांभळा होईपर्यंत डोळा हलवायचा नाही. "लई कडक ठिवलं तर काचावानी फुटतंय," तो आबांना सांगायचा. "चिवट पायजे. वाकलं तर वाकू दे, तुटाया नगं."

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, कानांनी ऐकलं होतं. पण पुढं शिकले ना! डिप्लोमा झाला, भट्ट्यांच्या कारखान्यात लागले. तिथं पोलादाचा कडकपणा मोजायची मशीन होती. हिऱ्याचं टोक दाबायचं की आकडा समोर. आकडा मोठा की माल चांगला, असं माझ्या डोक्यात बसलं. लोहाराचा जांभळा रंग मला तेव्हा अडाणीपणा वाटायचा. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटायचा.

नोकरीला लागून काही वर्षं झाल्यावर मी आबांसाठी एक सुरी केली. पत्रा कापायच्या प्रेसच्या डाय, म्हणजे साचे, ज्याच्या करतात ते डी-टू पोलाद, साहेबांना विचारून घेतलेला तुकडा. भट्टीतून काढला, आकडा आला बासष्ट. मी तो आकड्याचा कागद सगळ्यांना दाखवत फिरले. सुरी घरी आणून आबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आबा, असलं पोलाद अख्ख्या तालुक्यात कुणाकडं नाही. हे तुटायचं नाही, झिजायचं नाही. तुमचा जन्म जाईल, पण धार जायची नाही." आबांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि "लई झ्याक" म्हणाले. त्यांना काय कापायचं आहे, हे मी विचारलं नाही.

खरं तर मला माहीत होतं. जमीन बरीचशी विकून झाली होती, खोल्या बांधून झाल्या होत्या. आबांकडं राहिलं होतं ते घरामागचं बांबूचं बेट. दरवर्षी पावसाच्या आधी ते बांबू तोडायचे, बुंध्यावर पातं ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायचे, आणि एकसारख्या कामट्या काढायचे. त्या कामट्यांचा मांडव घालून त्यावर घेवडा चढवायचे. शेजारपाजारचे, अगदी चांदे गावचे पाहुणेसुद्धा, तो मांडव बघून जायचे. शेती गेल्यावर माणसाला शेतकरी म्हणवून घ्यायला तेवढंच उरलं होतं.

त्या वर्षी मी जुलैत एका रविवारी मागच्या दारी गेले तर मांडव नाही. घेवड्याचे वेल जमिनीवर लोळत होते. मी विचारलं तर आबा म्हणाले, "आवंदा नगं म्हनलं." मी म्हटलं, "सुरी कशी चाललीय?" "लई झ्याक." दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. मला काही शंका आली नाही. वय झालंय, कंटाळले असतील, असं मनाशी म्हटलं आणि खिळा शोधायला त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माझी सुरी. दोन तुकडे.

मला राग फार लवकर येतो. तुकडे घेऊन मी तशीच ओसरीवर गेले. "हे काय? तुटली तर सांगायचं नाही? लपवून ठेवायची? मी काय खाणार होते तुम्हाला?"

आबा खाली बघतच म्हणाले, "हात गेला माझा, पोरी. घाव वाकडा बसला आसंल. तुज्या पोलादाला काय बी न्हाई. तू म्हनली हुतीस, तुटायचं न्हाई म्हून. मग माझाच हात न्हाई का ऱ्हायला?"

ज्या हातानं पन्नास वर्षं बांबू फोडले, तो हात गेला असं हा माणूस समजून बसला होता. आणि का, तर मी त्याला एक आकडा सांगून ठेवला होता म्हणून. सुरीबरोबर मी त्यांचा हातही मोडला होता. मोडलेली सुरी फडक्यात बांधून ठेवली तशी त्यांनी ती गोष्टही बांधून ठेवली होती.

मी त्यांना तुटलेली बाजू दाखवली. सांगितलं, आबा, चूक माझी आहे. हे पोलाद घासायला टिकतं, ठोकायला नाही. शिवाय मुठीपाशी मी कोपरा चांगला टोकदार ठेवला होता, तिथूनच भेग गेली. हात तुमचा बरोबर होता. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समजूत काढतीस व्हय?" झालं. म्हणजे तोंडानं सांगून भागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी जेवणाच्या सुट्टीत तीन पट्ट्या तयार केल्या. एक डी-टूची, एक बेअरिंगच्या पोलादाची, एक कमानपाट्याच्या पोलादाची. एकेक व्हाइसच्या जबड्यात आवळून हातोडीनं मारली. पहिली तिसऱ्या घावाला फुटली आणि भिंतीवर आपटली. बेअरिंगवाली बराच वेळ टिकली, पण शेवटी गेली. तिसरी वाकली, पुन्हा उलट मारली तर सरळ झाली. मशीनवर तिचा आकडा आला चोपन्न. शेजारचा कामगार म्हणाला, "मॅडम, एवढं नरम?"

घरी गोठ्यात ट्रॉलीचा एक जुना कमानपाटा पडला होता. त्याचीच सुरी करावी असं फार वाटत होतं. पण आयुष्यभर वाकलेल्या पाट्यात आत कुठं केसाएवढी भेग असेल सांगता येत नाही, आणि कान लावून ओळखणारा लोहार आता नव्हता. म्हणून मन मारून मी त्याच जातीची नवी पट्टी घेतली. तेलात विझवली, नंतर भट्टीत चांगली शेकली. मुठीपाशी गोलाई ठेवली. पाठ जाड ठेवली. आणि काम सुरू करायच्या आधी रात्रीच्या जेवणाला मी आबांना विचारलं, "काय तोडायचं? कोण तोडणार? वरून ठोकायचं का?"

आबांनी घास हातातच ठेवून माझ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी हसले. "बांबू. मीच. व्हय, ठोकायचं."

पुढच्या रविवारी सकाळी मी बेटातून एक जून बांबू तोडून आणला आणि सुरी त्यांच्यापुढं धरली. ते हात पुढं करेनात. "नगं. परत तुटंल. उगा तुजी मेहनत." मी सुरी बांबूच्या तोंडावर ठेवली आणि मोगरी त्यांच्या हातात दिली. पहिला घाव त्यांनी असा घातला, जणू डास मारतायत. दुसरा जरा बरा. पातं पहिल्या पेराला जाऊन अडलं. पेर म्हणजे बांबूची गाठ, तिथंच मागच्या वेळी सुरी तुटली होती. आबा थांबले.

मग त्यांनी मोगरी डोक्यापर्यंत नेली आणि हाणली. बांबू वरपासून खालपर्यंत सरळ फुटला, दोन्ही बाजू अगदी सारख्या.

मी खाली वाकून सुरी उचलली. धार एका जागी किंचित वाकली होती. दगडावर पाच मिनिटांत सरळ होणार होती. "बघा आबा, वाकली पण तुटली नाही," असं म्हणत मी ती त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी सुरीकडं पाहिलंच नाही. उजव्या हाताची मूठ उघडून तळहात बघत होते. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग नाक ओढलं आणि म्हणाले, "दुसरा बांबू आन."