रिकामं ताट आणि आडवा हात

स्वतःच्याच गावात उतरायला मला गळ्यात पिवळा पट्टा अडकवावा लागला, तिथूनच माझं डोकं फिरलं होतं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी घड्याळ किंवा चांदीचा गणपती द्यायचा सोडून मुंबई-गोवा क्रूझची दोन तिकिटं हातात ठेवली. बोटीवर बसायचं, उठसूट खायचं, पत्ते कुटायचे आणि मध्ये एक दिवस रत्नागिरीला थांबायचं. आता रत्नागिरी म्हणजे माझं गाव. मांडवीला जन्मलो, मॅट्रिकपर्यंत तिथेच वाढलो. घर भावकीने केव्हाच विकून टाकलं होतं, त्यामुळे जाऊन भेटावं असं कुणी उरलं नव्हतं. तरी म्हटलं, पाय टेकवून येऊ. तर बोटीवरचा माणूस म्हणतो, असं मोकळं उतरता येत नाही, टूर घेतली असेल तरच धक्क्यावर नेणाऱ्या लाँचमध्ये बसायला मिळेल. टूर एकच शिल्लक होती, 'चव कोकणाची'. गाईड आपल्याला गावात फिरवणार, काय खायचं ते सांगणार आणि शेवटी एका घरी जेवायला घालणार. बायको माझी घाटावरची, बोट जरा हलली की तिला ढवळायचं. ती केबिनमध्ये लिंबू हुंगत पडून राहिली आणि मी साठ वर्षांचा घोडा टूरचा तो पिवळा पट्टा घालून बालवाडीतल्या पोरासारखा लायनीत उभा राहिलो.

आम्ही बावीस जण होतो. बहुतेक मुंबईचे, एक जोडपं पुण्याचं, तीन-चार गोरे. धक्क्यावर गाईड वाट बघत होता. चाळिशीचा, डोक्यावर गवती टोपी, हातात माइक, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी आणि तोंडी लावायला मराठी. बस सुटल्या सुटल्या त्याने विचारलं, तुमच्यात कोकणातलं कोणी आहे का? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. म्हटलं, बघू तरी हा दीडशहाणा मला माझं गाव कसं दाखवतो.

त्याने दाखवलं. चिऱ्याच्या भिंती दिसल्या तर म्हणाला, घरं लाल रंगवायची इथे जुनी प्रथा आहे. अरे शहाण्या, तो दगडच लाल असतो. जमिनीतून निघतो तसाच भिंतीत बसतो. पण बसमधल्या बायका "हाऊ नाइस" म्हणून फोटो काढायला लागल्या. मग कोकम म्हणजे आंब्याची वाळवलेली साल, असं सांगून झालं. पुण्याचे गृहस्थ ते वहीत लिहून घेत होते. मी मनातल्या मनात म्हटलं, लिहा, नीट लिहा, घरी जाऊन आणखी चार जणांना शिकवा.

मग त्याने एकेक कार्ड वाटलं. आज आपण ज्या घरी जेवणार आहोत तिथे कसं वागायचं, याच्या सूचना. चपला बाहेर काढा. वाढलेल्याला नको म्हणू नका, घरच्यांचा अपमान होतो. आणि ताटात काही टाकू नका, साफ केलेलं ताट हीच कोकणी माणसासाठी सर्वांत मोठी शाबासकी. ही तिसरी सूचना त्याने माइकवर दोनदा वाचली. हे कुठून पैदा केलं देव जाणे. मी ते कार्ड वाचलं, चूक जागच्या जागी पकडली आणि खिशात घातलं.

आधी मिरकरवाड्याला मासळी बघायला नेलं. डोक्यावर गॉगल चढवलेली मुंबईची एक बाई नाकाला रुमाल लावून सुरमई ताजी आहे का विचारत होती. लालबुंद कल्ले समोर दिसत होते, अजून ताजी म्हणजे काय, माशाने तिला नमस्कार करायला हवा होता? मासेवाल्या तिच्यावर आपसात काय बोलल्या ते मला कळलं आणि मी हसलो. गाईडने बाईंना सांगितलं की त्या तुमचं स्वागत करताहेत. पुढे पुणेकरांना हापूस हवा झाला. डिसेंबर महिना होता. गाईडने मख्खपणे बस एका दुकानापाशी थांबवली, सगळ्यांनी डब्यातला आमरस घेतला आणि नुकत्याच मोहोर धरलेल्या एका कलमाखाली डबे हातात धरून फोटो काढले. मी हात टेकले.

जेवण राजिवड्याकडे, खाडीकाठच्या मोहल्ल्यात होतं. चिऱ्याचं बैठं घर, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, कडेला दोन माड. घर एका मुसलमान बाईचं. साधारण माझ्याच वयाच्या, डोक्यावरून पदर, दारात उभ्या राहून प्रत्येकाला "या, या" करत होत्या. गाईड त्यांना भाभी म्हणत होता. त्यांचा मुलगा पस्तिशीचा असेल, तो माडाच्या आळ्यापाशी आमच्या हातांवर पाणी घालत होता. माझी पाळी शेवटची आली. घरी कोण कोण असतं, एवढंच मी विचारलं, तर तो भडाभडा बोलला. कुवेतला होता तो, सुट्टीवर आलेला. आई आणि बायको पहाटेपासून चुलीपुढे आहेत. आज पहिलीच खेप. जेवणारे फॉर्म भरून देणार, ते चांगले आले तर मोसमभर प्रत्येक बोटीची माणसं इथेच जेवतील. तेवढ्यावर घर चालेल.

"चाललं तर मी परत जात नाही," तो म्हणाला. "धाकटी दोन वर्षांची झाली, चाचा. अजून मला बघितलं की आईच्या मागे लपते."

दाराआडून एक पोरगी खरंच बघत होती. मी हात पुसले आणि आत गेलो.

चटयांवर दोन पंगती बसल्या. तांदळाच्या पातळ भाकऱ्या, नारळाच्या दुधातलं सुरमईचं कालवण, तिसऱ्यांचं सुकं, सुकटीची चटणी. पहिला घास घेतला आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत ती चव तोंडाला लागली नव्हती. आमच्या आईच्या हातचं तसं नव्हतं, आमच्याकडे वाटण निराळं. पण लहानपणी ईदेला शेजारून डबा यायचा, ही त्या डब्याची चव होती.

आता इथली एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या या बंदरपट्टीत, हिंदू असो की मुसलमान, पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की त्याला अजून भूक आहे असं धरतात. तोंडाने "पुरे" म्हटल्याला कोणी विचारत नाही, ते तर भिडेने सगळेच म्हणतात. खरंच पोट भरलं असेल तर ताटाच्या कडेला घासभर ठेवायचं आणि ताटावर हात आडवा धरायचा. तो हात दिसला की वाढणारा पुढे सरकतो. हे कोणी शिकवत नाही, पोर पंगतीत बसायला लागलं की त्याला आपोआप येतं.

म्हणजे बघा काय झालं. आमच्या मंडळींनी गाईडच्या हुकमाप्रमाणे ताटं चाटूनपुसून लख्ख केली. भाभींना वाटलं, अरे देवा, किती भुकेली माणसं आहेत. त्यांनी पुन्हा भरलं. नको म्हणायची सोय नव्हती, अपमान होतो ना! मंडळींनी पुन्हा साफ केलं. त्यांनी पुन्हा भरलं.

हे कुठवर जाणार ते दुसऱ्या वाढपातच माझ्या लक्षात आलं. मी घासभर भाकरी ताटाच्या कडेला ठेवली, हात आडवा धरला, भाभी माझ्याकडे बघून पुढे गेल्या. मला एवढंच बोलायचं होतं की बाबांनो, थोडं ठेवा आणि हात आडवा धरा. एक वाक्य. मी बोललो नाही. मागे भिंतीला टेकून बसलो आणि बघत राहिलो. मजा वाटत होती मला, खोटं कशाला बोलू. पुणेकरांनी कमरेचा पट्टा सैल केला. गॉगलवाली बाई प्रत्येक घासाला डोळे मिटत होती. एक गोरा तांबडालाल होऊन अंगठा वर करून दाखवत होता आणि त्या अंगठ्याला भाभी आणखी कालवण वाढत होत्या. गाईडही पंगतीत होता. स्वतःच्या कार्डाला बांधलेला, सुटतो कुठे! तो टोपीने वारा घेत चौथी भाकरी गिळत होता. मी म्हटलं, खा लेको. कोकण दाखवायला निघालात ना, मग बघा कोकण.

चौथ्या फेरीला भाभींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. स्वयंपाकघराच्या दारात सून काहीतरी कुजबुजली. मुलगा मागच्या दाराने बाहेर पळाला आणि जरा वेळाने शेजारच्या घरातून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन आला. पुढच्या वेळी कालवण आलं ते दुसऱ्या भांड्यातलं होतं, पातळ, घरच्यांसाठी काढून ठेवलेलं. मला सगळं कळत होतं. पाहुणा उपाशी उठला असं मोहल्ल्यात कोणी म्हटलं असतं तर ती बाई महिनाभर घराबाहेर पडली नसती. तेव्हाही वेळ गेली नव्हती. पण आता बोललो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, आधी का नाही बोललात? म्हणून तेव्हाही गप्प बसलो.

बाहेर बसवाल्याने हॉर्न धरला. ओहोटी लागायच्या आत लाँच सुटायला हवी होती. गाईड एकदम उठला आणि चला चला करायला लागला, आणि नेमक्या त्याच वेळी भाभी परात घेऊन बाहेर आल्या. सांदणं होती. तांदळाची, नारळाच्या दुधात वाफवलेली, पांढरीशुभ्र, वरून वेलची. सगळ्या जेवणात खरा मान त्यांचाच. पंगतीतल्या एकालाही त्यांच्याकडे बघवेना. कोणी मान फिरवली, कोणी हात जोडले. गॉगलवाली बाई तोंडावर रुमाल दाबून धावत बाहेर गेली आणि माडाच्या आळ्यात ओकली. भाभी परात हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मुलगा आईकडे बघत होता.

दोन मिनिटांत घर रिकामं झालं. चपला शोधण्यात मी मागे राहिलो. भाभींनी केळीच्या पानात चार सांदणं बांधून माझ्या हातात दिली.

"तुम्ही इकडलेच ना, भाऊ?" त्या म्हणाल्या. "हात बरोबर धरलात तुम्ही."

मी म्हटलं, हो, मांडवीचा.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी शांतपणे विचारलं, जसं एखाद्याला वाट विचारावी.

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

हॉर्न वाजत होता. मी सांदणांची पुडी सांभाळत बसकडे निघालो.

लाँचमध्ये गाईडने फॉर्म वाटले. पुणेकर शेजारीच होते, त्यांचा फॉर्म मला दिसत होता: जेवण जड, आग्रह त्रासदायक, घर बदलावं. पुढे कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं की जबरदस्ती करून खायला घालतात ही माणसं. माझ्या फॉर्मच्या खाली चार रिकाम्या ओळी होत्या, काही सुचवायचं असेल तर म्हणून. त्या चार ओळींत सगळं मावलं असतं. चूक त्या बाईची नाही, कार्डाची आहे. मी याच गावचा, मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी गंमत बघत बसलो. पण ते लिहायचं म्हणजे खाली नाव लिहायचं. मी 'जेवण उत्तम' एवढंच लिहिलं आणि फॉर्म दिला. सांदणं लाँचमध्येच खाल्ली. फार चांगली झाली होती.

पुढच्या वर्षी गावातला एक जुना ओळखीचा भेटला. आता बोटीची माणसं एका हॉटेलात जेवतात म्हणाला. त्या मोहल्ल्यातल्या घराचं काय झालं म्हणून विचारलं. मुलगा केव्हाच कुवेतला परत गेल्याचं त्याने सांगितलं.

ही गोष्ट मी आजही रंगवून सांगतो. लग्नाकार्यात जेवणं झाली की भाचे-पुतणे आग्रह करतात. टोपीवाल्याची नक्कल, लाल रंगवलेली घरं, डिसेंबरातला हापूस, तो गोऱ्याचा अंगठा. सगळे हसून हसून लोळतात. परात बाहेर येते तिथे मी गोष्ट संपवतो. एखादा चौकस निघतोच, म्हणतो, पण काका, तुम्हाला तर रीत माहीत होती, तुम्ही काय केलंत?

मी म्हणतो, मी काय करणार? मीही पाहुणाच होतो.